गरवायला जायचं तर सुट्टी तिथी बघून टाका

गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, नागपूरहून निघालात तर मालवण रस्त्याने हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत खुला झाला, त्यामुळे रायगडकडे उतरणं सोपं झालं. तरी जाण्यात एक अख्खा दिवस आणि येण्यात एक अख्खा दिवस जातोच. किनाऱ्यावर राहणारा माणूस आज काही लागलं नाही तर उद्या पुन्हा गळ टाकतो. इथून जाणाऱ्याच्या हातात तीन-चार पहाटा असतात, आणि त्या कोणत्या हे रजेच्या अर्जावर तारीख लिहितानाच ठरून जातं. शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टी बघून निघालात, तर खाडीच्या तोंडावर पोचल्यावर पाणी नेमकं थांबलेलं सापडण्याची शक्यता मोठी.

ठरवण्याचा क्रम असा ठेवा: आधी महिना, मग जागा, मग तिथी, आणि सर्वांत शेवटी वारा. पहिल्या तीन गोष्टी वर्षभर आधी ठरवता येतात. वाऱ्याचा अंदाज तीन-चार दिवस आधीच भरवशाचा मिळतो. म्हणून प्रत्येक खेपेला दोन जागा हाताशी हव्यात, एक उघड्या समुद्राची आणि एक आडोशाची, खाडीच्या आतली. वारा सुटला तर रजा वाया जात नाही.

(अंतराने बघितलं तर नागपूरला विशाखापट्टणम जवळचं. पण तिथल्या पाण्याचं गणित वेगळं, भरतीचा चढउतार लहान आणि पूर्व किनाऱ्याची मासेमारी बंदी १५ एप्रिल ते १४ जून. खाली लिहिलंय ते सगळं कोकणापुरतं.)

तिथी आणि पाणी

कोळीवाड्यांत चालत आलेला हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीनच्या सुमारास भरती भरेल, नऊ-सव्वानऊला ओहोटी संपेल आणि दुपारी साडेतीनच्या आगेमागे पुन्हा भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, कारण भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. भिंतीवरच्या कोणत्याही मराठी कॅलेंडरवर तिथी असतेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणार हे धरून चाला आणि निघण्याआधी भरती-ओहोटीच्या कोष्टकात पक्की वेळ बघून घ्या.

हा हिशेब मुंबईच्या पाण्याचा आहे. दक्षिणेकडे भरती आधी पोचते. मालवण-वेंगुर्ल्याला जवळपास तासाचा फरक पडतो, म्हणून तिकडे जायचं असेल तर एक तिथी पुढची धरा. उलट, खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा. पाण्याची उंचीही सारखी नसते. मोठ्या उधाणाला मुंबईत चढउतार चार मीटरवर जातो, मालवणला त्याच्या निम्म्याच्या आसपास.

आता यातलं खरं कामाचं. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने वाहत नाही. एकूण चढउताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग सरकतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत जातं किंवा येतं, आणि शिकारी मासा त्याच वेळी आडोशाला तोंड लावून उभा असतो. हे दोन तास उजाडण्याच्या वेळेवर आले पाहिजेत.

खाडीच्या तोंडावर ओहोटीचं वाहतं पाणी हवं, कारण कांदळवनातली कोळंबी आणि बोयची पिल्लं त्या पाण्याबरोबर बाहेर येतात. त्यासाठी द्वितीया ते चतुर्थी. उधाणाचा खरा जोर अमावास्या-पौर्णिमेच्या एक-दोन दिवस नंतर येतो, त्यामुळे या तिथींना पाण्यात ताकदही असते. खडकावर चढतं पाणी हवं, तर द्वादशी-त्रयोदशी. भरती नऊ-पावणेदहाला भरते आणि सहाला ती अर्ध्यावर असते. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटी. पाणी सुस्त, पण स्वच्छ. किनाऱ्यावरून गरवायला हे दिवस मला आवडत नाहीत. होडीतून तळाची मासेमारी करायची असेल तर मात्र तेच सोन्याचे, कारण साठ ग्रॅमची जिग (धातूचं जड आमिष) सरळ खाली उतरते, वाहून जात नाही.

सप्टेंबर ते नोव्हेंबर

वर्षातून एकदाच जमणार असेल तर याच काळात जा. यांत्रिक नौकांची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. ऑगस्टमध्ये ती उठलेली असली आणि नारळी पौर्णिमा झाली असली तरी तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात आणि पाणी लाल असतं. सप्टेंबरच्या मध्यापासून नदीचा लोंढा ओसरतो. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गला वाघोटन, देवबागला कर्ली, ही सगळी तोंडं तेव्हा बघण्यासारखी. गढूळ पाणी आणि हिरवं पाणी जिथे मिळतं ती शीव डोळ्यांना स्पष्ट दिसते. फेक तिच्या पलीकडे टाका आणि आमिष शिवेवरून ओढत आणा.

इथला राजा जिताडा. मोठा झालेला जिताडा पावसाळ्यात अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी येतो, कारण अंड्यांना खारट पाणी लागतं. पिल्लं नंतर कांदळवनात आणि डबक्यांत वाढतात. हा मासा आधी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो, त्यामुळे फार मोठा जिताडा म्हणजे बहुतेक मादीच. ती सोडून द्यावी हे माझं ठाम मत आहे. खायला दोन-तीन किलोचा पुरतो. त्याच जागी तांबोशी मिळते, पुलाच्या खांबाला आणि जांभ्याच्या धक्क्याला चिकटून.

सामान एकच न्यायचं असेल तर नऊ फुटी, १५ ते ४५ ग्रॅम फेकणारा रॉड, ४००० किंवा ५००० मापाचं स्पिनिंग रीळ, २० ते ३० पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाइन किमान २०० मीटर, आणि तिच्या टोकाला ४० ते ५० पौंडी लीडर, म्हणजे जाड दोरा, एक मीटर. लीडर इतका जाड का? जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी धारदार असते. ३० पौंडी लीडर तिच्यावर घासला की तुटतो. तांबोशी तर लागल्यावर पहिल्या दोन सेकंदांत खांबाकडे धावते आणि लाइन कालवांवर घासते. दोन तुकड्यांचा नऊ फुटी रॉड बंद करून साडेचार फुटांचा होतो, पीव्हीसी पाइपात घालून रेल्वेच्या बर्थखाली सरळ राहतो. नागपूर-मडगाव विशेष गाडी चालू असेल तेव्हा हे फार सोयीचं.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागल्यावर रीळ किती ताणाला लाइन सोडेल ते, हाताने ओढून अंदाजाने लावू नका. लाइनच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्के हे माप. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, तेव्हा साडेतीन ते चार किलो. सामान मोजायचा साधा स्प्रिंगचा काटा लाइनच्या टोकाला अडकवा, रॉड वाकवून ओढा आणि काटा साडेतीनवर असताना रीळ फिरायला लागलं पाहिजे. खिंडसीसारख्या आपल्याकडच्या जलाशयांवर मरळ पकडणाऱ्यांना ड्रॅग पूर्ण आवळून ठेवायची सवय असते, कारण मरळ वनस्पतीतून ओढून काढायची असते. तीच सवय समुद्रावर नेली की गाठ तुटते, नाहीतर गळ सरळ होतो. दुसरी सवय प्लास्टिकच्या बेडकावर मरळ आली की एक-दोन मोजून झटका मारायची. जिताडा आमिष तोंडात ओढून घेतो आणि टणक लागलं की तेवढ्याच वेगाने थुंकतो. वजन जाणवताच रॉड आडवा ओढा.

आमिष म्हणून चार-पाच इंची मऊ रबरी मासा आणि १४ ते २१ ग्रॅमचं जिगहेड, म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरपी फेक, तळाला टेकू द्या, मग दोन फिरक्या आणि थांबा. लाइन सैल नको आणि ताणलेलीही नको. बहुतेक वेळा मासा आमिष खाली बसतानाच घेतो. जिगहेड वाहून गेल्यामुळे तळ जाणवत नसेल तर वजन सात ग्रॅमने वाढवा, आणि दर फेकीला अडकत असेल तर कमी करा. रबरी शेपूट अर्धगोल कापलेली परत आली तर तो केंड मासा. त्याची पकड चोचीसारखी असते, लाइनही कापतो, आणि तो विषारी असल्याने खायचा नाही. तिथून पन्नास पावलं सरका.

लाइनला लीडर जोडायला एफजी गाठ. वीस वेढे, एक वर एक खाली, आणि पूर्ण वेळ ताण कायम. ही गाठ सुटते ती जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: शेवटी पुरेशी आवळलेली नसते. थुंकीने ओली करा, दोन्ही टोकं फडक्यात गुंडाळून जोरात ओढा. ब्रेडेड लाइनचा रंग गडद होतो आणि वेढे लीडरमध्ये रुततात, तेव्हा ती बसली. होडीत उभं राहून वाऱ्यात ती जमत नाही. तिथे दुहेरी युनी गाठ बांधा, थोडी जाड होते, पण भरवशाची. गाठी नागपुरातच शिकून जा, आणि फेकण्याचा सरावही. मैदान रिकामं असताना रेशीमबागेत पहाटे जाऊन गळ काढलेलं तीस ग्रॅम वजन फेका. फेक झाल्यावर बेल (रिळावरची तारेची कमान) हाताने बंद करून लाइन बोटाने एकदा ताणून घ्यायची सवय तिथेच लावा. बेल हँडलने बंद केली की एक सैल वेढा रिळावर राहतो आणि पुढच्या फेकीला तोच गुंता होऊन बाहेर येतो. रीळ काठोकाठ भरलं तरी हेच होतं. कडेपासून दोन मिलिमीटर जागा सोडा.

ऑक्टोबरपासून तारली आणि बांगड्याचे थवे किनाऱ्याजवळ असतात आणि त्यांच्या मागे सुरमई. पक्षी पाण्यावर झेपावताना दिसले की होडी थव्यात घालू नका, वाऱ्याच्या वरच्या बाजूने कडेला आणा, होडी चालवणाऱ्या तांडेलला आधीच सांगून ठेवा. सुरमई भक्ष्याची शेपूट आधी तोडते, म्हणून जिगच्या मागच्या टोकालाही एक गळ हवा. दातांसाठी १५ ते २० सेंटिमीटर एकेरी तार. त्याहून लांब तार लावली की आमिषाची चाल बिघडते आणि स्वच्छ पाण्यात सुरमई तोंड फिरवते. ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढायला, पाच ते सहा नॉट वेग पुरे.

थंडी

डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटे मतलई वारे, दुपारनंतर खारे वारे. मतलई जमिनीकडून येतात, त्यामुळे उजाडताना किनाऱ्याजवळचं पाणी सपाट असतं आणि हलकं आमिषही लांब जातं. पाणी नितळ, म्हणून लीडर ३० पौंडांवर आणा आणि आमिष लहान करा. रायगड-पालघरच्या वाळूच्या किनाऱ्यांवर रावस बघा: जिवंत कोळंबी, ३० ते ६० ग्रॅमचं सरकतं शिसं, मध्यम आकाराचा, टोक आत वळलेला सर्कल गळ. रावसाचं तोंड खालच्या बाजूला आणि मऊ असतं, झटका मारलात तर फाटतं. सर्कल गळ लावला असेल तर झटका मारायचाच नाही, फक्त ताण वाढवत जा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो.

याच महिन्यांत वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री त्या किनाऱ्यांवर पांढरी बॅटरी घेऊन फिरू नका. दुसरी जागा शोधा, कोकणात वाळूची कमी नाही.

मालवणला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाभोवतीचा तीन चौरस किलोमीटरहून थोडा जास्त भाग गाभाक्षेत्र. किल्ल्याजवळचे खडक कितीही खुणावत असले तरी तिथे गळ टाकायचा नाही. होडी ठरवताना ती नोंदणी केलेली आहे का आणि जीवरक्षक जाकिटं माणसागणिक आहेत का, हे फोनवरच विचारा.

मार्च ते मे

ऊन वाढतं तसं गरवणं पहाटेच्या दोन तासांपुरतं उरतं. दुपारी वायव्येचा वारा इतका सुटतो की फेकच जमत नाही. पण खडकांवर ट्रेवाली हा शिकारी मासा मिळायची हीच वेळ. ४० ते ६० ग्रॅमचा पॉपर (पाण्यावर तरंगत पाणी उडवणारं आमिष), एक जोरदार ओढ, पाणी उडालं की दोन सेकंद थांबा, पुन्हा ओढ. पॉपरचे तीन टोकांचे गळ काढून एकेरी, २/० किंवा ३/० मापाचे लावा. पकड चांगली बसते, मासा सोडताना फाटत नाही, आणि हातात गळ घुसण्याची भीती निम्मी होते. जवळचा दवाखाना तासाभरावर असतो तिथे हे फार महत्त्वाचं. मोठ्या ट्रेवालीसाठी वरचं सामान पुरत नाही, किमान ५० पौंडी लाइन आणि ८० पौंडी लीडर हवा.

खडकावर माणसं दोन कारणांनी जीव गमावतात. पहिलं, भरतीने परतीची वाट बंद होते. वर सांगितलेले तिसरा आणि चौथा तास इथे उलटे अंगावर येतात, दोन तासांत निम्मं पाणी चढतं. जाताना ओलांडलेली सर्वांत खोलगट जागा लक्षात ठेवा आणि तिथे पाणी घोट्याला लागण्याआधी मागे फिरा, मासा लागत असला तरी. दुसरं कारण लांबून आलेली फुगवटी. मे महिन्यात इथे वारा नसतानाही दक्षिणेकडच्या समुद्रातून उठलेल्या लाटा पोचतात, दहा मिनिटं काही नाही आणि मग ओळीने तीन मोठ्या. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे उंच लाटांचे इशारे ‘समुद्र’ ॲपवर येतात, ते बघून निघा. खडकावर उतरण्याआधी वीस मिनिटं नुसतं बघत उभे राहा. ओल्या, काळ्या दिसणाऱ्या खडकावर पाय ठेवायचा नाही. जाकीट अंगावर, पिशवीत नव्हे.

हाताळण्याबद्दल थोडं. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि बाजूला दोन काटे असतात, करवतीचे आणि विषारी. पाकटाच्या शेपटीवरही तसाच काटा. टोचला तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने वेदना उतरते. त्यानंतर डॉक्टरकडे जाच, काट्याचा तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. काटा खोल गेला असेल, किंवा छातीत-पोटात लागला असेल, तर गरम पाण्याची वाट न बघता थेट दवाखाना. गिटारफिश किंवा करवत मासा लागला तर पाण्यातच लाइन गळाजवळ कापून सोडा. वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

जून-जुलै

या दोन महिन्यांत जाऊ नये असं मी सगळ्यांना सांगतो. किनाऱ्यावरून गरवणाऱ्याला नौकांची बंदी लागू होत नाही हे खरं, पण खडक जीव घेणारे असतात आणि बरेच मासे अंड्यावर असतात. हा काळ सामानाचा.

खारं पाणी रिळात बसलं की नुकसान परतीच्या प्रवासातच सुरू होतं. म्हणून निघण्याच्या दिवशी, नागपूरला पोचल्यावर नव्हे, ड्रॅगची चकती आवळून रिळावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराचा फवारा मारू नका, तो मीठ आतल्या बेअरिंगमध्ये ढकलतो. मग ड्रॅग सैल करा, पुसा आणि सावलीत वाळवा. ड्रॅग आवळलेला ठेवून सामान महिनोन्‌महिने पडून राहिलं तर आतल्या चकत्या दबतात आणि पुढच्या खेपेला लाइन धक्क्याधक्क्याने सुटते. रॉडच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला तर कड्याला चीर आहे. ती कडी बदला, नाहीतर ब्रेडेड लाइन तिथेच कापली जाईल.

आपल्या उन्हाचा वेगळा त्रास आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उभ्या गाडीच्या डिकीत रबरी मासे ठेवले तर ते वितळून एकमेकांना चिकटतात, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचं रबर एका डबीत असेल तर थंडीतही एकमेकांना खातं. मूळ पाकिटातच ठेवा, घरात, कूलरच्या ओलाव्यापासून दूर. वापरलेले गळ गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय नव्यांच्या डबीत टाकू नका. एक गंजलेला गळ जुलैच्या दमटपणात अख्खी डबी खराब करतो. लाइनचे पहिले दहा मीटर कापून टाका, किंवा सगळी लाइन उलटून भरा, म्हणजे आतली न वापरलेली बाजू वर येते. हे झालं की सप्टेंबर-ऑक्टोबरच्या द्वितीया ते चतुर्थी कॅलेंडरवर खुणा करून रजेचा अर्ज टाका, कारण गणपती आणि दसऱ्याच्या गर्दीत कोकणातली रेल्वे तिकिटं फार लवकर संपतात.